एकशे सेहेचाळीस

इलीच्या पेट्रोल पंपावर
टायरांत हवा भरायच्या मशीनपाशी आम्ही भेटतो.
जागा मीच सुचवली होती. तिथे दिवा आहे,
आणि कॅमेरा.
ओरेस्ट काच अर्धीच खाली करतो.
उणे एकतीस. बोललेलं सगळं वाफ होऊन दिसतं,
म्हणून आम्ही कमी बोलतो.

झेनिया त्याच्या गाडीतून उतरते, माझ्या गाडीत चढते.
मध्ये सात पावलं. ती मोजते.
बर्फ साचला की नऊ होतात.

थोरलक्सन वकीलबाईंनी तक्ता दाखवला होता :
डावीकडे माझा वर्षाचा पगार,
वर मुलांची संख्या, एक.
एक बोट आडवं सरकवलं, एक खाली आणलं,
दोन्ही भेटली तिथे आकडा.
इतकं सोपं आमच्यात कधी काही नव्हतं.

आकडा दर महिन्याला पगारातून परस्पर जातो.
बस डेपोतल्या पोरांना गंमत वाटते, बाई असून तू देतेस?
देते. पोटची आहे, पोटगी देते.
तिचे बूट, तिच्या दातांच्या तारा,
पोर्टेजमधल्या त्या घराची भट्टी.
तिच्यात माझंही थोडं जळतं
म्हणून ती तिथे उबेत झोपते,
हे मला पटतं. बहुतेक रात्री पटतं.

कायद्यातून ‘ताबा’ हा शब्द काढून टाकलाय म्हणे.
ताबा जागेचा असतो.
बर्फावर गाडीचा सुटतो तो ताबा.
लेकराचा कसला?
आता म्हणायचं, पालकाचा वेळ.
बरं झालं. शब्द गेला.
आता आम्ही वेळेवरून भांडतो.

“गेल्या वर्षी तुमच्याकडे किती रात्री?” बाईंनी विचारलं.
मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडरच काढून नेलं होतं,
तेलाचा डाग पडलेला ऑक्टोबर वर धरून.
एकशे एक्केचाळीस.
त्यांनी चष्मा काढला.
“चाळीस टक्के म्हणजे एकशे सेहेचाळीस.
पाच मिळवा.
मग नुसता तक्ता बोलत नाही,
दोघांचे पगार समोरासमोर ठेवता येतात.”

पाच रात्री.
मला त्या आधीपासून हव्या होत्या,
कुणाची म्हणाल त्याची शपथ घेते.
पण त्या दिवसापासून
नुसतं “तिला ठेवून घेऊ का?” म्हणायलाही जीभ रेटेना.

मार्चमध्ये शेवटी फोन केला.
सुट्टीत दोन दिवस जास्त?
ओरेस्ट गप्प. मागे नळ वाहत होता.
मग म्हणाला, “ती हवीये, की सूट हवीये?”
उत्तर माझ्या ओठांवर होतं.
फक्त, मोठ्याने म्हटलं असतं
तर मलाच ते वकिलाचं वाटलं असतं.

त्याच सोमवारी वादळ. हायवे बंद.
झेनियाला ताप, एकोणचाळीस.
चाळीसला एक कमी, हेही माझ्या मनात आलंच,
लाज वाटली तरी आलंच.
ओरेस्टने दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा
नुसता तिचा श्वास ऐकत राहिला.
दोन रात्री ती माझ्या कुशीत, पायमोजे ओले,
झोपेत युक्रेनियन आजीचा एक शब्द पुटपुटत,
जो मला येत नाही.

बुधवारी पेन घेऊन कॅलेंडरपाशी उभी राहिले.
“आजारी रात्री मोजतात का?” सोफ्यावरून आवाज.
तुला कुणी सांगितलं मोजायचं?
“कुणी नाही. बाबाकडेही आहे कॅलेंडर.
त्याचं उत्तर वेगळं येतं.
मी माझं तिसरं ठेवलंय, गणिताच्या वहीत मागे.”
कसलं?
“सकाळी जाग आल्यावर
कुठल्या घरी आहे ते मला लगेच कळतं ना,
त्या रात्रींचं.”

किती झाल्या?

तिने पांघरूण नाकापर्यंत ओढलं.
“नाही सांगणार.
तुम्ही वकिलांना सांगाल.”

संध्याकाळी रस्ता उघडला.
इलीत बर्फ कमरेएवढा, पंपवाल्याने एकच वाट काढलेली.
अकरा पावलं.
पेन मी टोपण न लावताच ओट्यावर ठेवलं होतं,
परत आले तेव्हा वाळून गेलं होतं.