पाचवा फोटो

आधी मोकळ्या जागेचा फोटो काढायचा असतो.
मोकळ्या जागेत माणूस उभा करायचा असतो,
नाहीतर अ‍ॅप म्हणतं, लाभार्थी दिसत नाही.

तुळजा नैताम बाभळीच्या सावलीतून
दोन पावलं उन्हात आली आणि उभी राहिली,
चप्पल काढून.
चप्पल काहून काढली, मी विचारलं.
म्हणाली, जागा माही होऊन रायली ना जी.

जागा परवापर्यंत उकंडराव भोयरांची होती.
माघात ग्रामसभेनं ठराव घेतला होता:
भूमिहीनाला जो एक गुंठा बक्षीसपत्र करून देईल
त्याला पाच वर्षं घरटॅक्स माफ,
आणि तलावातला गाळ त्याच्या बांधापर्यंत, पंचायतीच्या ट्रॅक्टरनं.
तीन महिने कोणाचा हात वर झाला नाही.
मग गाळ उपसायला लागले, काळाशार,
फावड्याला लोण्यासारखा धरणारा,
तेव्हा उकंडराव सचिवाला म्हणाले, कागद दाखव बरं तो.
पुण्यगिण्य काही नाही मॅडम, हिशेब आहे, मला म्हणाले,
आणि टेपचं टोक धरायला स्वतः उकिडवे बसले,
आणि गुंठा पुरा झाल्यावरही वीतभर मागे सरकले.
न्हाणीले जागा लागते म्हणे.
ती वीत मी कुठेच नोंदवली नाही.

दुसरा फोटो जोत्याचा.
पाच ब्रास रेती फुकट होती,
घाटावरून ती आणायचं भाडं तेवढं फुकट नव्हतं.
गटातल्या बायांनी तीन बंड्या जुंपल्या,
पासावर वाहन क्रमांक लिहायची चौकट असते,
तिथे मी काय लिहू?
फोटोत तुळजाबाईच्या मागे एक बैल आला आहे.
अ‍ॅपनं त्याला हरकत घेतली नाही.

तिसऱ्यात भिंती तिच्या डोक्याच्या वर.
हातात थापी.
स्वतःच्या घरावरची मजुरी, नव्वद दिवस,
हजेरीपटावर तिचाच अंगठा.
मालक कोण अन् मजूर कोण, सांगा बरं, म्हणाली
आणि एकटीच हसली कितीतरी वेळ.

मग छताचा हप्ता अडला.
यादीत तुळजा, आधारवर तुळसा.
एका अक्षरासाठी मी तालुक्याला चार चकरा मारल्या.
ज आणि स यांच्या मधोमध
ती एकवीस दिवस ताडपत्रीखाली राहिली.
मृग लागला होता. मी फोन उचलत नव्हते.
(माझा करार अकरा महिन्यांचा,
माझी खोली भाड्याची,
घरमालकीण सातला मोटार बंद करते.
मी कुठल्याच यादीत बसत नाही,
हे तिला सांगून काय उपयोग होता.)

चौथा फोटो टिनाचा. टिन चकाकतात, चेहरा काळा आला.
तरी पास झाला.

पाचवा काढायला गेले पोळ्याच्या चार दिवस आधी.
भिंतीवर निळ्या रंगात योजनेचं नाव,
मंजूर रक्कम, तिचं नाव, या खेपेला बरोबर.
दाराला आंब्याची पानं, पूजा होऊन गेलेली, वाळलेली.
मी मोबाइल धरला, उपग्रह मोजले, सात, आठ,
आणि हाक मारली, तुळजाबाई, बाहेर या, फोटो राहिला.

आतून भांड्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
चार खेपा उभी रायली ना उन्हात.
आता घर हाय त मले बाहेर काहून काढता?
तुम्हीच या ना आत.

मी तरी फोटो काढला. दार, दोन खिडक्या, नाव.
लाभार्थी दिसत नाही, म्हणालं अ‍ॅप.
पुन्हा काढला. पुन्हा तेच म्हणालं.

उंबऱ्याबाहेर तिची चप्पल होती,
तिच्याशेजारी मी माझी काढली.

चहात साखर जरा जास्तच झाली होती.
मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.
टिनाखाली त्याला आभाळ सापडत नव्हतं.