आधार?

वाईला, कोशाच्या कचेरीत, मी मुद्रितं तपासायचो.
नेमगोंडा मगदूम सांगलीकडचे, कवठेपिरानचे.
दर सोमवारी पहिल्या एस.टी.नं यायचे,
डब्यात भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी
आणि पिशवीत तो पॅरिसचा नास्तिक,
अडीच वर्षं.

चारशे शब्द मंजूर होते त्याला.
मगदुमांनी अकराशे लिहिले.
मी कापत गेलो. घरच्या पंगती कापल्या,
जिथं माणसं देवाशिवाय पोटभर जेवायची.
मेलेल्या लेखकांच्या नावावर छापलेली पुस्तकं
मिठाच्या पिंपांतून सरहद्द ओलांडायची, तेही कापलं.
बायको गेल्यावर तिच्या खोलीतल्या घड्याळाला
तो रोज किल्ली देत राहिला,
हे मात्र मगदुमांनी कापू दिलं नाही.
"एवढं राहू द्या. विचार काय, कुठंही मिळतील."

नोंदीच्या शेवटी संपादकांची एक ओळ होती:
अखेरीस त्याने धर्मगुरू बोलावला, अशी वदंता आहे.
मगदुमांनी ती खोडली. समासात लिहिलं, आधार?
दुसऱ्या मुद्रितात ती परत आली.
आधार?
तिसऱ्यात शाई कागदाच्या पाठीवर उमटली.
मग गेली ती ओळ. दीड ओळीची जागा मोकळी राहिली,
ती मी तशीच जाऊ दिली.

खिडकीखाली कृष्णा. घाटावर कुणाचं ना कुणाचं काही चालू.
मगदूम बघत चहा प्यायचे, हसले नाहीत कधी कुणाला.
एकदा एका म्हातारीची घागर पायऱ्या चढवून दिली,
तिनं हातावर प्रसाद ठेवला, तो खाल्ला.
"खोबरं आहे," म्हणाले.

देह मिरजेला, मेडिकल कॉलेजला दिलेला.
मी पोचलो तेव्हा सह्या झाल्या होत्या.
नदीला न्यावं असं काही कुणाच्या हातात नव्हतं,
म्हणून भावकी नुसतीच उभी, अवघडून, सायकलस्टँडपाशी.
तिथंच कुणी सांगितलं, शेवटाला नेमगोंडा 'अरिहंत' म्हणाला,
नर्सनं ऐकलंय.
सगळ्यांना बरं वाटलं. थोरल्या सुनेनं माझ्याकडं पाहिलं.
मी मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही.

परतताना, कऱ्हाड मागं पडल्यावर सुचलं,
ते 'अर्धविराम' म्हणाले असतील.
दोन्ही शब्द जिभेवर एकाच जागेवरून उठतात.
आणि त्या नोंदीत, आठव्या ओळीत,
घड्याळाच्या वाक्यापुढं, अर्धविराम राहिलाच होता.
माझ्याकडून.

रात्री वहीत तसं लिहून ठेवलं.
मग समासात, त्यांच्यासारखं तिरकं,
आधार?