रडीचा डाव

तेव्हा माझं ठाम मत होतं : खेळाला कॅसेट लागते,
आणि कॅसेटला शांतता.
वूच शहर, बाउती, चौथा मजला.
पाच मिनिटं कुणी पाय आपटायचा नाही.
लाकडी जमीन हलली की टेप अडखळायची,
खेळ मेला, पुन्हा पहिल्यापासून.
दादा, झिएमोवित, इवल्या स्क्रूड्रायव्हरने
हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा
आणि कान देऊन ऐकायचा
त्या किरकिरीत खेळ आहे की नाही.
जो एवढी वाट पाहायला लावत नाही
तो खेळच नव्हे, असं मी म्हणायचे.

मग डिस्क आली. मत गेलं. तीन दिवसांत.

तीन जीव. तीन म्हणजे तीन.
सेव्ह करणं म्हणजे रडीचा डाव,
हे मी रविवारच्या बाजारात
चोरीच्या डिस्कांवर पेनाने नावं लिहून विकणाऱ्या दोरोताला
ठणकावून सांगितलं.
ती म्हणाली, घेणार आहेस का?
घेतली.
त्याच रात्री सेव्ह केलं,
सतरा वेळा, एकाच पुलाच्या अलीकडे.

गोष्टी सांगणारे खेळ मला भंपक वाटायचे.
शाप, राजकन्या, तलवारीला नाव.
गोष्ट हवी तर पुस्तक वाचा,
मला वेग द्या, वळण द्या, ब्रेक न लावता.
त्याच वर्षी मी ट्राम चालवायला लागले.
ट्रामला वळण निवडता येत नाही.

घटस्फोटाच्या हिवाळ्यात
एका खेळातलं खेचर मेलं.
ओझं वाहणारं साधं खेचर, संवाद एकही नाही,
आणि मी रात्रपाळीला उशिरा पोचले, डोळे सुजलेले.
डेपोत ह्यालिनाने विचारलं, कोण गेलं?
म्हटलं, घरचंच.

अनोळखी भिडूंबद्दल माझं मत
दोनदा बदललं, दोन्ही वेळा शिव्या ऐकून.
पहिल्यांदा मी हेडफोन काढून ठेवला, वर्षभर.
दुसऱ्यांदा तो कुठलासा पोर्तुगीज बोलणारा मुलगा
आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून
मग पहाटे चारपर्यंत थांबला,
ती एक उडी मला जमेपर्यंत.

आता मनगट दुखतं. थंडीत जास्त.
भाचा त्सेझारी, वय नऊ,
मला न विचारता सोप्या पातळीवर टाकतो
आणि चेहरा असा ठेवतो की काही केलंच नाही.
म्हणजे मी कच्चा लिंबू. पकडली तरी बाद नाही.
तरुणपणी असलं काही सोसलं नसतं.
आता बघत बसते :
बाण अंगाला हळूच लागतात,
ओळखीचे असल्यासारखे.
आत्या, तू मुद्दाम हरतेस का?
नाही रे, म्हणते. एवढं मात्र खरं सांगते.

मार्चमध्ये आईचं घर रिकामं केलं.
शिवणाच्या डब्यात ती कॅसेट होती,
ज्या खेळाचा शेवट मी कधी पाहिला नाही, कारण आईने
त्यावर मावशीच्या नामदिनाची गाणी भरली होती.
अठ्ठ्याऐंशी साली त्यावरून मी तिच्याशी
उन्हाळाभर धड बोलले नव्हते.
जुनं यंत्र लावलं. खेळ सुरू झाला, किरकिर, रंगीत पट्टे,
आणि मध्येच आई :
हे चालू आहे का? लाल दिवा लागलाय का?
यंत्राने तिलाही वाचायचा प्रयत्न केला.
पट्टे विस्कटले, थरथरले, थांबले.
पडद्यावर अक्षरं आली : लोड होत नाही.

झिएमोवितला ग्दिनियाला फोन लावला.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, स्क्रू थोडा फिरवून बघ.