मालक : १०४७

टार म्हणजे दाबणं नव्हे.
टार नुसतं गाठोडं बांधतो.
हवा काढतो तो दुसरा, जीझिप,
आमच्या मजल्यावरचे लोक सुट्टीवर निघताना
बॅगेवर बसून चेन ओढतात, तसा.

सोहार बंदर, रात्रीचे दोन.
काचेला बाहेरून घाम फुटलाय,
आत सर्व्हरच्या खोलीत मी स्वेटर घालून.
बद्र म्हणालाय, जुन्या मशीनवरचं सगळं
पहाटेच्या अजानआधी नव्यावर उतरव.

आधी टी लावून नुसती यादी वाचते.
न बघता सोडलं तर एखादं गाठोडं घरभर सांडतं,
मग काय आपलं, काय कुणाचं, निवडत बसा.
हे मात्र एकाच फोल्डरात, नीट.
बांधणाऱ्याचा हात कळतो.

मग एक्स.
नावं भराभर वर सरकतात:
क्रेनच्या पाळ्या, कंटेनरांची वजनं, डिझेल,
डिझेल, डिझेल, २००९चा रमजान.
उघडल्या आज, तरी तारखा तेव्हाच्याच.
टार त्यांना हात लावत नाही.

आणि मालकाच्या रकान्यात, जिथं नाव हवं,
तिथं आकडा. १०४७.
बिघाड नाही हा.
माणूस गेला की खातं पुसतात,
फायलींना नंबर तेवढा आठवत राहतो.

शाजीला विचारलं. म्हणाला, रेडकर.
बावीस वर्षं होता.
व्हिसा रद्द झाला त्या दिवशी
बरणीतली उरलेली कोकमं मला देऊन गेला,
मी ती अजून वापरली नाहीत, कशात घालतात?

सगळ्यात शेवटी निघाली एक चिमुकली फाइल,
नाव भरती.
दोन रकाने: सोहार, वेंगुर्ला.
रोजच्या वेळा, अकरा वर्षं, एक दिवस न चुकता.
बंदराला त्यातला एकच लागत होता.
मी माणदेशातली, भरती मला इथंच भेटली,
तरी बोट
दोन्ही रकान्यांवरून खाली खाली जात राहिलं.

नियम असा की मालक बदलायचा,
सगळं विभागाच्या नावावर करायचं.
केलं. एका ओळीत चार लाख फायली,
ती एक वगळून.

अजान झाली.
अहवालात लिहिलं: सर्व पोचलं, चुका शून्य.
मग त्या फाइलीच्या तळाशी आजची तारीख घातली.
सोहार, पाच बावन्न.
पुढचा रकाना तसाच.
वेंगुर्ल्याची वेळ कुणाला विचारू,
माझ्याकडे नंबर आहे तो हा असा.