नूतनीकरण

डुलुथच्या वाचनालयाचं तळघर.
मधमाशीपालकांचं मासिक, ऑक्टोबर एकोणीसशे छत्तीस.
दुसऱ्या पानाच्या तळाशी वर्तुळातला सी,
म्हणजे हक्क घेतलेला.
अठ्ठाविसाव्या वर्षी एक अर्ज, दोन डॉलर:
तो कुणी भरला का, एवढंच शोधायचं.

त्रेसष्टची सूची. चौसष्टची.
मन मानेना म्हणून पासष्टचीही.
मासिक नाही.
मग लेखक एकेक करून, कारण लेखाचा हक्क
वेगळाही नोंदवलेला असतो कधी.
हेडविग लुंडीन, थंडीत पेट्या कशा गुंडाळाव्यात.
नाही. माहेरच्या नावाने पाहिलं, तरी नाही.
डांबरी कागद, आत गवत, दार दक्षिणेला,
आणि शेवटी: माश्या जगल्या तर कळवा.
कुणी कळवलं?
सदतीसचे अंक आमच्याकडे नाहीत.

रकान्यात लिहिते: नूतनीकरण आढळले नाही. मुक्त.
आता कुणीही छापा हेडविगबाईंना.

वर येते. सरोवरावर अजून बर्फ,
हातमोज्यात बोटं सापडत नाहीत.
पिशवीत माझा अर्ज, तिसऱ्या खेपेचा,
फोटो दोन, कान दिसतील असे.
मुदत सोमवारपर्यंत.
राहून गेलाच भरायचा,
तर माझ्या नावापुढे काय लिहितील
ते ठाऊक आहे.
मुक्त नव्हे.