मूळ प्रत

कुर्ला कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दोन रुपये, मागूनपुढून तीन.
लोक घाईत असतात. प्रत घेतात, सुट्टे घेतात
आणि मूळ कागद काचेवरच विसरतात.
झाकण उचललं की कुणाचा जन्मदाखला,
कुणाचा घटस्फोट, उपडा पडलेला.
ड्रॉवरमध्ये ठेवते. येतात कधीतरी न्यायला.
काही येतच नाहीत.

आमचे कागद मीच काढले, पाच-पाच प्रती.
विवाहनोंदणी, तीन वर्षांचा आयकर,
त्याचं रक्त, माझं रक्त, खाली डॉक्टरची सही
की आम्हाला जीवघेणं काही नाही.
आणि ओळखीच्यांची पत्रं, आम्ही माणसं बरी आहोत अशी.
कुंदा वन्संनी चार ओळींना सहा आठवडे लावले.

तांडेल बाई घर बघायला येणार
म्हणून मी फरशी तीनदा पुसली.
त्यांनी फरशी पाहिलीच नाही.
विचारलं, भांडण झालं की आधी कोण बोलतं?
दिगंबर म्हणाला, ही. मी म्हणाले, हे.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
काय, ते अजून माहीत नाही.

फी ठरलेली असते, पावती मिळते.
बाकीच्याची नाही मिळत:
आधीच्या चार वर्षांतल्या सुयांची,
ज्यांचे हप्ते अजून जातात दर पाच तारखेला,
मोडलेल्या पाटल्यांची,
"कुणाचं रक्त, काय जात, कसं कळणार"
हे ऐकत ऐकत गाळलेल्या चहाची.

आणि वयांची बेरीज.
नवऱ्याचं अधिक बायकोचं, नियमातच आहे.
नाव घातलं तेव्हा पंच्याऐंशी,
तान्ह्या बाळाच्या अगदी काठावर.
यादीत आम्ही मुंगीच्या पावलानं पुढे
आणि वर्षाला दोन-दोन वर्षांनी म्हातारे.
तीन वर्षांनी अहवाल शिळा झाला,
बेरीज पुन्हा मांडली. एक्क्याण्णव.
माळ्यावरचा पाळणा मी ऑपरेटर पोराच्या बहिणीला देऊन टाकला.

त्याच आठवड्यात एक माणूस आला
आधारकार्डाच्या दोन प्रती काढायला.
म्हणाला, ताई, कशाला रांगेत कुजताय?
पुलापलीकडे एक दवाखाना आहे.
दाखल्यावर तुमचंच नाव लागेल, जन्म देणारी म्हणून.
साडेतीन लाख. मुलगा असेल तर पाच.
मी त्याला सहा रुपये सुट्टे परत दिले.

रात्री मात्र आम्ही मोजले.
पासबुक, भिशी, दिगंबरचा पीएफ.
जमत होते.
सांगायला हवं म्हणून सांगते, जमत होते.
सकाळी दाढी करता करता तो म्हणाला,
पण ती दुसरी बाई, तिला काय सांगत असतील?
हनुवटीवर ब्लेड लागलं त्याला.
त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास देतात.
फोटोत सव्वापाच वर्षांची,
कपाळावर टाक्यांची खूण,
गणवेश दुसऱ्या कुणाचा, खांद्यावरून घसरलेला.
आम्हाला अकरा मिनिटं लागली.
त्यातली नऊ नेटवर्क नव्हतं.

नाव कार्तिकी, कारण सापडली कार्तिकात.
आम्ही बदललं नाही.
शाळा सुटली की काउंटरखाली बसते,
खिशात नेहमी एक अर्धी चपाती.
दोनदा म्हटलं, घरी ताजी करते ना मी.
तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

काल तिनं ड्रॉवर उघडला.
हे कुणाचे?
विसरून गेलेल्यांचे.
मग फेकत का नाहीस?
शोधत आलं कुणी तर?
ती बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिली.
वाचता येत नाही अजून, तरी.
मग ड्रॉवर हळू लोटला, बोट सापडू नये तसा.
मी पण लक्ष ठेवते, म्हणाली,
आणि खिशातली चपाती काढून
खाऊ लागली.