दुसऱ्या हटवर

चार वर्षांत लाऊडस्पीकरवर माझं नाव एकदाच आलं.
चेंडू घेऊन पळणाऱ्यांची येतात, झेलणाऱ्यांची येतात,
आम्हा पाच जणांची येतात ती चुकल्यावर.
"फॉल्स स्टार्ट. नंबर बहात्तर. कार्ल रुओना."
पंच दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवत होता,
लोकरीचा गुंडा करावा तसे,
आणि मी पाच यार्ड मागे चालत गेलो
सगळ्या ओळखीच्या गावादेखत.

झालं होतं एवढंच
की ठरलं होतं दुसऱ्या हटवर,
मी पहिल्याला हललो.
हललो म्हणजे काय, गुडघा.
उतावळ्याचं बाशिंग तिथेच बांधलेलं असतं.

कोच साव्हेलांच्या डाव्या हाताला तीन बोटं.
लोखंडाच्या खाणीत सुरुंग लावायचे ते,
दोन बोटं कुणाच्या तरी घाईत गेली.
कुणाच्या, ते सांगत नसत.
मंगळवारी सरोवरावरून बोचरं वारं यायचं,
ऑक्टोबरातच गवतावर बर्फाची साय,
त्यात आम्हाला ओणवं करत,
एक हात जमिनीला, पाठ पाटासारखी,
आणि मागून फिरत ओरडत:
हट. हट. मग बराच वेळ काहीच नाही. हट.
मध्येच शिट्टी. मध्येच खोकला.
मध्येच माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल काहीतरी.
"आवाजावर उठतो तो ससा," म्हणत. "तुम्ही आकड्यावर उठा."
बोटं बधिर होत. कुणाची, ते कळेनासं होई.

हट. एवढासा शब्द.
त्यानं कुत्रं हाकलता येतं.
पण ट-च्या पायात आणखी एक ट अडकवला
की त्याचा हट्ट होतो,
मग तो जागचा हलत नाही.

शेवटच्या शुक्रवारी आम्ही बंदरगावात,
घरापासून चाळीस मैल.
चौथा डाव, चार यार्ड हवे.
घोळक्यात क्विग्ली म्हणाला, चेंडू निघणारच नाही.
मी नुसता ओरडणार. हलेल तो घरी चालत जाईल.
कुणी हसलं नाही.

माझ्या समोर एक्याण्णव नंबर.
त्याच्या तोंडाची वाफ माझ्या जाळीत शिरत होती.
कांदा खाल्ला होता त्यानं.
टेकलेल्या हाताची नखं पांढरी,
म्हणजे सगळा भार पुढे, म्हणजे ताणलेली बेचकी.
हे मला वाचता येत होतं,
कारण गेल्या वर्षी ती नखं माझी होती.

हट!
क्विग्लीचा आवाज फाटला. स्टँड उठून उभं राहिलं.
माझ्या गुडघ्यात काहीतरी जागं झालं,
मी त्याला म्हटलं, नीज.
हट हट!
सेंटरला लाहटी दगडासारखा, चेंडू त्याच्या मुठीत,
आणि मला घाम येत होता,
कधीच कुणाला ढकलताना आला नाही एवढा,
नुसतं तिथे असण्याचा.

तो आला.
सगळा आला, खांद्यासकट, कांद्यासकट,
माझ्या छातीवर आदळला आणि मला उताणं पाडलं.
मी प्रतिकारही केला नाही.
पिवळं फडकं आमच्या दोघांच्या मध्ये पडलं.
पंच कमरेवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला
आणि पाच यार्ड आमच्याकडे आले,
लागत होते चारच.

"तू हललास," तो म्हणाला. अजून माझ्या अंगावरच होता.
"आधी तू हललास ना?"
लाऊडस्पीकर त्याचा नंबर सांगत होता, मग नाव.
नाव नीट उच्चारलं नाही त्यांनी.
मी नाही म्हणालो.
मग त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं,
हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसं,
आणि मला उठायला तोच हात दिला.

बाजूच्या रेषेवरून साव्हेला तीन बोटं उंचावत होते.
शाबासकी नव्हती ती.
पुढचा डाव तिसऱ्या हटवर.